वाफ थांबेपर्यंत

मर्लची साखर निघाली तेव्हा
बाहेर उणे बावीस होतं,
आणि वयाने आमच्या धाकट्याएवढे डॉक्टर ऑस्टबी
छापील यादीवर एकेका शब्दाला काट मारत होते.
पाव. बटाटा. पॅनकेक.
पेन वॉफलपाशी आलं
तेव्हा मर्लने टोपी काढली,
चर्चमध्ये काढतो तशी.

एकतीस वर्षं ह्या माणसाने विस्कॉन्सिनभर
दुधाचा टँकर हाकला.
पहाटे तीनला गोठ्यागोठ्यातून
दुसऱ्यांचं दूध दुसऱ्यांच्या चीजला पोचवलं,
आणि रविवारी घरी बसून आठ वॉफल,
वरून मेपलचा पाक,
आमच्याच झाडांचा,
मार्चमध्ये चाळीस बादल्या आटवून एक बादली उरते तो.
तळघरात त्याच्या अजून एकोणीस बाटल्या आहेत.
मोजायला मी जात नाही.
तो जातो.

सुनेने फोनवर सांगितलं:
अंडं एक, किसलेलं चीज मूठभर,
बदामाचं पीठ चमचाभर, घरात असलं तर.
"आणि?"
"आणि काही नाही, आर्लिस."
माझा विश्वास बसेना.
मैदा नाही, दूध नाही, साखर नाही,
मग उरतं काय,
भोकं?

साचा जुन्या बाजारातला, चार डॉलरचा,
झाकणाचा कान तुटका.
पहिला घाणा मी फुकट घालवला.
मला धीर आहे तो बर्फातून
तीस पोरांची बस नेताना.
स्वयंपाकघरात नाही.
मिनिटभरात झाकण उचललं
तर अर्धा वर चिकटलेला, अर्धा खाली,
आणि मध्ये चीजच्या तारा,
ना तुटत, ना सोडत.

मर्ल म्हणाला, "ह्याला वॉफल म्हणू नकोस."
"मग काय म्हणू?"
"आम्लेट. जिन्यावरून पडलेलं."
काटा ठेवला, आणि तळघरात गेला.
बराच वेळ
काचेला काच लागल्याचा आवाज येत राहिला.

दुसऱ्या खेपेला मी आधी
तापल्या लोखंडावर नुसतं चीज भुरभुरलं,
ते चुरचुरलं, मग अंडं, मग पुन्हा चीज,
झाकण लावलं
आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी राहिले,
शिक्षा झालेल्या पोरासारखी.
फटीतून वाफ यायला लागली.
येऊ दिली.
आतलं अजून बोलतंय,
त्याचं बोलून झाल्याशिवाय दार उघडायचं नाही,
एवढं साधं
चाळीस वर्षांच्या संसारात मला जमलं नव्हतं,
मर्लला विचारा.

वाफ थांबली.
झाकण आपसूक सुटलं.
जाळी पडली होती, तांबूस,
कडेला कुरकुरीत झालर,
आणि चीज पार विसरून गेलं होतं
की आपण चीज आहोत.
अंड्याचा वास होता थोडा.
खोटं कशाला सांगू.

मर्ल वर आला. हातात एक बाटली.
मी काही म्हटलं नाही.
खिडकीच्या कट्ट्यावर
त्याने ती ठेवली, बूच न काढता,
मागे अंगणभर बर्फ, वर ऊन,
आणि बाटलीतून टेबलावर
तळहाताएवढा तपकिरी उजेड पडला.

ताटली त्याने बोटाने सरकवली,
थोडी डावीकडे,
थोडी अजून,
भोकाभोकांत तो उजेड भरेपर्यंत.
मग खाल्लं.
मीठ कमी आहे म्हणाला.